सुखाचे धडे आणि आपली आत्मकथने

मन सुखी कसे ठेवावे हे शिकविणाऱ्या पुस्तकांना आज मोठी मागणी आहे. त्यांत एक उपदेश हटकून आढळतो : वरच्याकडे पाहून झुरू नये, खालच्याकडे पाहावे म्हणजे समाधान लाभते. उपदेश साधा वाटतो. पण हा खालचा कोण? ज्याच्याकडे पाहून इतरांनी समाधान मानायचे, तो माणूस गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तीत प्रत्येकाला आपल्याखाली कोणीतरी सापडतो, म्हणून सारे मिळून व्यवस्थेविरुद्ध उठत नाहीत. सुखाचा हा धडा म्हणजे त्याच उतरंडीचे मानसशास्त्र होय. दुसरा उपदेश असा की, दुःखाचे कारण आपल्याच विचारांत शोधावे. कर्मविपाकानेही आपल्याला हेच सांगितले होते. नव्या पुस्तकांनी त्यातला मागचा जन्म तेवढा गाळला आहे.

तेव्हा मनाची चर्चा ही पांढरपेशांची चैन आहे, समाज बदलला की मन आपोआप बदलेल, असे आपले काही कार्यकर्ते म्हणतात. हेही खरे नाही. बाबासाहेबांच्या निर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा धम्मग्रंथ या दृष्टीने पुन्हा वाचावा. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात पेटलेला कलह हे गृहत्यागाचे कारण त्यांनी मांडले. दुःखाचे मूळ त्यांनी माणसामाणसांतील संबंधांत आणून ठेवले. तरीही त्याच ग्रंथात चित्ताच्या संस्काराला आणि मैत्रीला त्यांनी मध्यवर्ती स्थान दिले. व्यवस्था बदलणे आणि मन घडविणे ही त्यांच्या लेखी एकाच लढ्याची दोन कामे होती.

आपल्या आत्मकथनांची समीक्षा वेदना, नकार आणि विद्रोह या शब्दांभोवती फिरत राहिली. ती आवश्यकच होती. परंतु एवढे सोसून माणूस आतून मोडला कसा नाही, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. दोघे एकच. ही केवळ निवेदनाची युक्ती नव्हे. आपल्या लाजेकडे हातभर दूर उभे राहून पाहण्याची ती सवय आहे. आपल्यातल्याच अनेक सुशिक्षितांना हा उघडेपणा खटकला. पण लपविलेली लाज माणसाला आतून पोखरते, हे पवारांनी ओळखले होते.

बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये (१९८६) शीर्षकापासूनच ‘आम्ही’ आहे. दुःख एकटीचे नाही हे कळले की त्याचा अपराध आपल्या माथी राहत नाही. हा ‘आम्ही’ लेखिकेला बळ देतो, आणि सासुरवासात सुनांवर होणारे अत्याचार झाकूनही ठेवत नाही. मात्र त्याची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. पतीकडून आपल्याला झालेला जाच बेबीताईंनी पुस्तकात लिहिला नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादासोबतच्या मुलाखतीत तो पुढे आला. समूहाच्या आधारात बाईचे स्वतःचे दुखणे मुके राहू शकते. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ने (२००३) ते बोलते केले. आईचे बांबूच्या वस्तू विणणे आणि आपले लिहिणे यांचा धागा एकच आहे असे मानणारी ही लेखिका घरातल्या नवरेपणाचाही हिशोब मांडते. ‘आम्ही’ न सोडता ‘मी’ म्हणता येणे, हे निरोगी मनाचे लक्षण आहे.

म्हणून मनाच्या कोणत्याही सवयीला दोन प्रश्न विचारावेत. तिने माणूस ताठ उभा राहतो काय? आणि तिच्यासाठी कोणाला खाली ठेवावे लागते काय? या कसोटीवर मुकाट समाधान टिकत नाही. आणि स्पष्ट बोलले पाहिजे : अखंड संतापही टिकत नाही. संताप लढाई सुरू करून देतो; पण तोच स्वभाव झाला की तो शत्रूपर्यंत पोहोचण्याआधी घरातल्या बाईवर आणि शेजारच्या कार्यकर्त्यावर कोसळतो. चळवळीतल्या फुटींचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. त्यानंतर आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच झाले. पण वसतिगृहात एकटा पडलेला आपला विद्यार्थी आपल्या अभ्यासवर्गाला येतो, तेव्हा त्याची भूमिका विचारण्याआधी त्याला ‘जेवलास का, झोप लागते का’ असे आपण विचारतो काय? बाबासाहेबांनी सांगितलेली मैत्री चळवळीत इथून सुरू होते. ती रोजच्या सवयीत आली नाही, तर आपल्या ग्रंथांतले शहाणपण आपल्याच मुलांच्या उपयोगी पडणार नाही.