साक्षी आणि भोक्ता : जॉन डी मोल यांचं घर

तत्त्वज्ञानाच्या व्यासपीठावरून टीव्हीच्या एका निर्मात्यावर बोलायचं म्हटलं की काही मंडळी नाक मुरडतात. मुरडू द्या. ज्या कल्पनेमुळे देशोदेशीची माणसं रोज रात्री परक्याच्या घरात डोकावू लागली, ती कल्पना तपासायची नाही, तर तत्त्वज्ञानाने करायचं तरी काय? म्हणून आज आपण नेदरलँड्सचे निर्माते जॉन डी मोल यांच्या कारकिर्दीकडे बघू. प्रश्न एकच ठेवू : पाहणं म्हणजे काय?

आधी थोडा तपशील. डी मोल यांचा जन्म १९५५ चा. १९९४ मध्ये त्यांची आणि योप व्हान डेन एंडे यांची कंपनी एक झाली आणि दोघांच्या आडनावांतून ‘एंडेमोल’ हे नाव तयार झालं. त्याआधी, १९९१ मध्ये, अमेरिकेत ॲरिझोनात आठ जण एका काचेच्या बंदिस्त वास्तूत दोन वर्षांसाठी राहायला गेले होते. ‘बायोस्फिअर २’ हा तो प्रयोग. एंडेमोलमधल्या चर्चेत त्यावरून कल्पना निघाली. तिथं हवा, पाणी, पिकं मोजली गेली. इथं माणसंच न्याहाळायची! सप्टेंबर १९९९ मध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं. नाव घेतलं ऑर्वेलच्या कादंबरीतल्या हुकूमशहाचं. पुढच्याच वर्षी स्पेनच्या टेलिफोनिका कंपनीने एंडेमोल विकत घेतली, ती सुमारे साडेपाच अब्ज युरोंना.

आता विचार करा. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेंथमने एका तुरुंगाचा आराखडा मांडला होता. मधल्या बुरुजावरून प्रत्येक कैदी दिसावा, पण आपल्यावर या क्षणी नजर आहे की नाही हे कैद्याला कळू नये. फूकोने १९७५ च्या आपल्या ग्रंथात त्यातून आधुनिक सत्तेचं चित्र उभं केलं. डी मोल यांच्या घरात मात्र गंमत उलटी आहे. इथं आत राहणं हे बक्षीस आणि बाहेर पडणं ही शिक्षा! नजर नकोशी वाटण्याऐवजी ती हवीहवीशी वाटते. हा बदल घडवणारा माणूस सामान्य नव्हे, हे आपण मोकळेपणी मान्य करू.

पण अडचण इथेच सुरू होते. आपल्या परंपरेत पाहणाऱ्यासाठी एक मोठा शब्द आहे : साक्षी. मुंडकोपनिषदातले ते दोन पक्षी आठवा. एकाच झाडावर बसलेले. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता पाहतो. पाहणारा अलिप्त आहे, म्हणून त्याच्या पाहण्याला किंमत आहे. कॅमेरा असाच अलिप्त आहे, असा या कार्यक्रमांचा दावा असतो. ‘जे घडलं ते दाखवलं,’ बस्स. पण घरात कोणाला घ्यायचं, कोणतं काम देऊन कोणाला कोणाविरुद्ध उभं करायचं, चोवीस तासांतला कोणता तास दाखवायचा, हे सगळं निर्माता ठरवतो. भांडण झालं की प्रेक्षक वाढतात आणि मत द्यायला आपणही सरसावतो. म्हणजे पाहणारा पक्षीही फळ खातोच आहे. हा साक्षी नव्हे, हा भोक्ता.

साक्षी या शब्दाचा दुसरा अर्थ व्यवहारातला : ज्याने पाहिलं, त्याने साक्ष द्यायची. त्या अर्थाची परीक्षा डी मोल यांच्याच दुसऱ्या निर्मितीत झाली. २०१० मध्ये त्यांनी ‘द व्हॉइस ऑफ हॉलंड’ आणलं. परीक्षक पाठ करून बसतात आणि केवळ आवाज ऐकून निवड करतात. रूप, वय, कपडे सगळं बाजूला! न पाहण्यातून न्याय साधणारी ही कल्पना आम्हाला खरोखर सुंदर वाटते. पण जानेवारी २०२२ मध्ये याच कार्यक्रमाच्या पडद्यामागे लैंगिक गैरवर्तन झाल्याचे आरोप पुढे आले आणि कार्यक्रम थांबवावा लागला. स्त्रियांनी तक्रार लवकर करायला हवी, असं डी मोल एका मुलाखतीत म्हणाले. तेव्हा त्यांच्याच कंपनीतल्या स्त्रियांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात देऊन त्यांना सुनावलं : दोष स्त्रियांचा नाही. स्त्रियांना दोष देण्याचा हेतू नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. तो हेतू आपण तपासत नाही. आपला मुद्दा असा की शंभर दिवस अखंड पाहण्याची यंत्रणा ज्याने उभी केली, त्याच्या धंद्यात पडद्यामागचं सांगण्याची जबाबदारी शेवटी सोसणाऱ्यावरच पडली.

हे सगळं दूर देशातलं, असं समजू नका. २०१८ पासून ‘बिग बॉस’ मराठीत आहे. एका पर्वात तर आठवड्याच्या झाडाझडतीला ‘चावडी’ म्हणत. शब्द बघा किती जुना! गावाच्या चावडीवर जो पाहिलेलं सांगायचा, त्याला उद्या त्याच गावात राहायचं असायचं. आपल्या शब्दाचं ओझं त्याच्या खांद्यावर असे. आपण मत देतो, टीव्ही बंद करतो आणि झोपतो.

तेव्हा डी मोल यांना दोषी ठरवून मोकळं होणं सोपं आहे. ते आपण करू नये. घर त्यांनी बांधलं, पण खिडकीशी आपण उभे आहोत. जे पाहिलं त्याबद्दल उद्या कोणी विचारलं, तर उत्तर द्यायला आपण तयार आहोत का? ‘हो’ म्हणता येत असेल, तर खुशाल पाहा.