पाच तारे, सोळाशे तास आणि भोईवाड्यातली एक खोली

मे महिन्यात मावशीचा थेट दुकानातून फोन आला. भोईवाड्यात तिची दहा बाय बाराची खोली, सगळ्यात वरचा मजला, एक भिंत पश्चिमेची. "अगं, तू विजेवरच पीएचडी करतेयस ना? मग सांग, थ्री स्टार घेऊ की फाइव्ह स्टार? आठ हजारांचा फरक सांगतोय हा." मी एका सेकंदात म्हटलं, "फाइव्ह. वीज वाचते."

रात्री तिने लेबलचा फोटो पाठवला आणि मला जरा लाज वाटली. दुसऱ्यांच्या पेपरना मी जे प्रश्न विचारते, त्यातला एकही मी या लेबलला विचारला नव्हता. काय मोजलंय? कुठल्या परिस्थितीत? ही सरासरी कोणाची? पेटची तयारी करणाऱ्यांनी हे तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. आज ते एका एसीवर चालवून बघू.

हे लेबल ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं, योजना 2006 पासूनची. ताऱ्यांच्या मागे एक आकडा असतो, आयएसईईआर. पूर्ण मोसमात यंत्राने खोलीतून जेवढी उष्णता बाहेर टाकली, भागिले त्यासाठी लागलेली वीज. आकडा 4 असेल तर एक युनिट विजेत चार युनिट उष्णता बाहेर. (एसी उष्णता उचलून नेतो, तयार करत नाही, म्हणून आकडा एकाच्या वर जातो. हा प्रश्न तोंडी परीक्षेत येतो म्हणून सांगितलं.) आधी फक्त पूर्ण क्षमतेवरची एकच मोजणी असायची, त्यात इन्व्हर्टरचा फायदा दिसायचाच नाही. 2018 पासून हा मोसमी आकडा सगळ्यांना सक्तीचा झाला, आणि ती सुधारणा खरीच होती.

गोंधळ ताऱ्यांपासून सुरू होतो. जुलै 2022 पासून लागू झालेल्या कोष्टकात स्प्लिट एसीला 3.8 ते 4.39 म्हणजे तीन तारे होते, 4.4 पासून चार, 5 पासून पाच. आता बघा, 3.8 आणि 4.39 यांच्या वीजवापरात 13 टक्के फरक, पण तारे सारखेच. 4.39 आणि 4.40 मध्ये फरक जवळपास शून्य, पण एक तारा जास्त. त्यात 4.6 चं यंत्र 2021 मध्ये फाइव्ह स्टार होतं, कोष्टक बदलल्यावर तेच फोर स्टार झालं. यंत्र होतं तसंच आहे, पट्टी सरकली. सलग आकड्याचे कप्पे केले की असं होतं. तुमच्या प्रश्नावलीत 'कमी, मध्यम, जास्त' असे गट पाडताना आठवा.

दुसरी गोष्ट, तास. लेबलवरचे वार्षिक युनिट 1600 तास धरून काढलेले असतात, म्हणजे रोज आठ तास, 200 दिवस. मावशी एसी लावणार रात्रीचा, साधारण 90 रात्री, सात तास. झाले 630. समजा 3.8 वाल्याच्या लेबलवर 1000 युनिट आहेत, तर तेवढ्याच क्षमतेच्या 5 वाल्यावर 760 येतील. वर्षाची बचत 240, पण मावशीच्या तासांना फक्त 95. युनिटला दहा रुपये धरले तर साडेनऊशे रुपये. आठ हजार वसूल व्हायला आठ वर्षांहून जास्त! हाच एसी पोराच्या अभ्यासासाठी दिवसाही चालला आणि 1600 तास भरले, तर सव्वातीन वर्षांत वसूल. (दहा रुपये हा माझा धरलेला आकडा. बेस्टच्या बिलात 100, 300, 500 युनिटला दर चढतो आणि वाचलेलं युनिट वरच्या टप्प्यातलं असतं, त्यामुळे तिचं बिल बघूनच खरा हिशोब होईल.)

पण माझी खरी तक्रार घामाबद्दल आहे. चाचणी होते तेव्हा खोलीत 27 अंश आणि ओल्या फडक्याच्या तापमापीवर 19, म्हणजे आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही खाली. जून महिन्यात परळ-भोईवाड्यात अशी कोरडी हवा मिळाली तर आम्ही पेढे वाटू. इथे एसीला दोन कामं करावी लागतात, हवा गार करणं आणि तिच्यातलं पाणी काढणं. नळीतून एक लिटर पाणी ठिबकतं, तेव्हा साधारण 0.68 युनिट उष्णता नुसती त्या पाण्यापायी काढलेली असते. मोसमी हिशोब मात्र चालतो बाहेरच्या कोरड्या तापमानावर, 24 ते 43 अंश. 35 ला पूर्ण गरज, खाली येऊ तशी सरळ रेषेत कमी. इन्व्हर्टर यंत्राची मोजणीही 35 अंशांवरच, पूर्ण आणि निम्म्या क्षमतेवर होते. बाकीचं सूत्राने.

आता रात्री 28 अंश आणि हवा चिकट. सूत्र म्हणतं, फारशी गरज नाही. इन्व्हर्टर हळू होतो, कॉइल तितकीशी थंड राहत नाही, पाणी कमी निघतं. खोली 25 ला येते पण अंग चिकचिकतं. मग मावशी रिमोट 20 वर नेणार, आणि ती वाढीव वीज लेबलच्या कुठल्याच रकान्यात नाही. वर पश्चिमेची भिंत दिवसभर तापलेली, ती रात्रभर उष्णता आत सोडणार. सूत्राला भिंत माहीतच नाही.

लेबल खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. 43 अंश नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात ओळखीचे, मुंबईत चाळिशी गाठली तरी बातमी होते. दोघांसाठी एकच कागद छापायचा तर कुठलीतरी सरासरी घ्यावीच लागणार. दोन यंत्रांत कमी वीज खाणारं कुठलं, हे तो बऱ्यापैकी सांगतो. मावशीचं बिल किती येईल हे सांगायला तो बनलेलाच नाही, आणि मी त्याच्याकडून नेमकं तेच वदवून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन करून माझं उत्तर मागे घेतलं. दुकानदार दीड टनाचा देत होता, त्याऐवजी एक टनाचा, 4.3 आकड्याचा थ्री स्टार घेतला, आणि ज्यात ओलावा काढण्याचा ड्राय मोड आहे असा बघून. वाचलेल्या पैशांत पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून जाड ताडपत्रीचा पडदा लावलाय. रात्री अकराला आणि सकाळी सहाला मीटरचं रीडिंग घे, असं मावशीला सांगितलंय. कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी ती ते लिहिते. परवा बघितलं तर बारा दिवसांत पाच रात्री कोऱ्या. म्हणाली, "अगं, गार वाटलं की झोप लागते. उठून कोण आकडे बघणार?"