मुदत संपलेली कुस्ती

चैत्रात मुळशीतल्या आमच्या गावी जत्रा असते. सकाळी पालखी, दुपारी कुस्त्यांचा फड. यंदा भाच्याला बरोबर नेलं. वय बारा. त्याच्या लेखी कुस्ती म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई. चांदणी चौक मागे पडतो न पडतो तोच त्याने विचारलं, "मामा, अंडरटेकर हरला तेव्हा लोक रडले का होते? हरतात की सगळेच."

उत्तर तोंडी देण्यासारखं नव्हतं. म्हटलं, गावी पोचलो की दाखवतो. ६ एप्रिल २०१४ ची ती लढत मी आधीच फोनवर उतरवून ठेवली होती. गावात रेंज नसते आणि फड लागेपर्यंत दुपार सरत नाही, हे दरवर्षीचं आहे.

देवळामागच्या पिंपळाखाली बसून फोन उघडला. पडद्यावर लिहून आलं की या डाउनलोडची मुदत संपली आहे, पाहायचं असेल तर इंटरनेटला जोडा. दोन दिवसांपूर्वी चहा पिताना मी पाचेक मिनिटं ती लढत पाहिली होती. तेव्हापासून तिचं घड्याळ सुरू झालं होतं. पैसे भरलेले, फाइल फोनमध्ये पडलेली, जागाही तिने अडवलेली, पण ती उघडायचा अधिकार गेलेला. सेवा कुठली, ते सांगून उपयोग नाही, कारण हा नियम कुणा एकाचा नाही. नेटफ्लिक्सने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी डाउनलोडची सोय आणली तेव्हापासून या शब्दाचा सगळ्या धंद्यातच हाच अर्थ झाला आहे. उतरवलेली गोष्ट आपली नसते, उसनी असते. काही गोष्टी पाहायला सुरुवात केल्यापासून ४८ तासांत मावळतात, आणि सभासदत्व सोडलं की सगळ्याच.

एरवी मी याला ग्राहकाची कुरकूर म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या दुपारी पोरगा माझ्याकडे पाहत होता आणि मला त्याला काहीच दाखवता येत नव्हतं. त्यामुळे प्रश्न डोक्यात राहिला. ही कुस्ती भाड्याने पाहिल्यामुळे तिच्यात काही बदलतं का? समीक्षेचा म्हणून याला काही अर्थ आहे का? मला वाटतं, आहे.

*

मी पुण्यात पेठेत वाढलो, नव्वदच्या दशकात. आमच्या घरात दोन कुस्त्या होत्या. एक वडिलांची. अण्णा तरुणपणी तालमीतल्या हौद्यात घुमलेले. दुसरी माझी, केबलवरची, जिचं नाव तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ होतं. अण्णा ती पाहत नसत, पण जाता-येता एक शब्द टाकून जात: "नुरा."

नुरा कुस्ती म्हणजे आधी ठरवून केलेली, वरून लढाई आणि आतून समझोता. मराठीत याहून मोठी शिवी कुस्तीला नाही. राजकारण्यांच्या लुटुपुटीच्या भांडणांनाही आपण तीच देतो. गंमत अशी की अण्णांचा निकाल खुद्द मालकांनीच मान्य केला होता. १९८९ साली डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे सांगितलं की आमचा खेळ हा खेळ नसून करमणूक आहे. उद्देश सत्यकथनाचा नव्हता. क्रीडा आयोगाची देखरेख आणि त्यासोबतचे आकार टाळायचे होते.

आम्हा पोरांना यातलं काही माहीत नव्हतं. आमचं ज्ञान ट्रम्प कार्डांवरचं: उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या लढती, जिंकलेल्या लढती. अंडरटेकर सात वेळा मरून परत आला, हे वाड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'मध्ये अक्षय कुमारने ज्याला उचलला तो खरा अंडरटेकर नव्हता, ब्रायन ली होता, हे कळायला पुढे कैक वर्षं गेली. दरम्यान केबलवाला महिन्याला दारात येई आणि आई त्याला पैसे देई. त्यात कुस्तीचे किती आणि सासू-सुनांचे किती, हा हिशेब कुणी केला नाही. ज्याच्याकडे रंगीत टीव्ही त्याच्याकडे दहा पोरं, आणि त्यातल्या नऊ जणांनी एक पैसा भरलेला नसे.

*

किमतीचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण तीही या नाट्याची संहिताच आहे. अमेरिकेत मोठी लढत पाहायची तर दर कार्यक्रमामागे वेगळे पैसे मोजावे लागत. रेसलमेनियासाठी साठेक डॉलर किंवा त्याहून जास्त. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क सुरू झालं आणि कंपनीने हा बाजार स्वतःच मोडला. महिना ९.९९ डॉलर, सुरुवातीला सहा महिन्यांची अट, त्यात सगळ्या मोठ्या लढती आणि वर जुन्या चित्रफितींचं भांडार. हा आकडा रिंगमध्ये इतक्यांदा घोकला गेला की प्रेक्षकही त्याची टिंगल करू लागले. २०१५ च्या अखेरीस ही सेवा भारतात आली. तेव्हाच्या दराने महिना साडेसहाशे रुपयांच्या आसपास. पुण्यात तेवढ्यात केबल, वर्तमानपत्र आणि वाचनालयाची वर्गणी भागून चहाला पैसे उरत.

पुढे सगळं हलत राहिलं. अमेरिकेत मार्च २०२१ मध्ये नेटवर्क पीकॉकवर गेलं, जाहिरातींसह ४.९९ डॉलरला. २०२५ च्या सप्टेंबरपासून तिथल्या मोठ्या लढती ईएसपीएनकडे गेल्या, महिना २९.९९. आपल्याकडे सोनीच्या वाहिन्या आणि सोनी लिव्ह, आणि १ एप्रिल २०२५ पासून नेटफ्लिक्स. नेटफ्लिक्सचा फोनपुरता प्लॅन २०१९ मध्ये १९९ रुपयांना आला, डिसेंबर २०२१ मध्ये १४९ वर उतरला. वर्षाचे १,७८८. पुण्यात जेवायला बाहेर गेलेल्या चौघांचं बिल याहून जास्त होतं, हे मान्य. पण या प्लॅनची अट अशी की फक्त फोन किंवा टॅब्लेट, टीव्ही नाही. म्हणजे स्वस्तात मिळाली ती एकट्याने पाहायची कुस्ती. रंगीत टीव्हीभोवतीची दहा पोरं या दरात बसत नाहीत. माझा भाचा मंगळवारी सकाळी शाळेचे मोजे चढवताना कानात बोंडं घालून 'रॉ' पाहतो. शेजारी बसलेल्या त्याच्या आईला कोण हरलं ते कळत नाही.

*

रोलाँ बार्थच्या १९५७ सालच्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकातला पहिलाच लेख अशा कुस्तीवर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुष्टियुद्धात प्रेक्षक काळाकडे पाहतो, पुढे काय होणार याकडे. या कुस्तीत तो क्षणाकडे पाहतो. वेदना, पराभव, न्याय यांची एकेक मुद्रा त्याला जागच्या जागी पुरते. लढत ठरलेली आहे की नाही, याने काही बिघडत नाही. अण्णांच्या 'नुरा'ला इतकं देखणं उत्तर दुसरं नसेल. मी ते बरीच वर्षं वापरलं.

आता ते अपुरं वाटतं. बार्थने पाहिली ती पॅरिसमधल्या साध्या सभागृहातली, एका संध्याकाळची कुस्ती. तिकीट काढलं, पाहिली, संपली. आजची कुस्ती ही दर आठवड्याला, बारा महिने, तीस-चाळीस वर्षं चाललेली मालिका आहे. तिच्यात क्षण पुरत नाही. अंडरटेकर १९९१ ते २०१३ या काळात रेसलमेनियात २१ वेळा लढला आणि एकदाही हरला नाही. म्हणून न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरने त्याला पाडलं आणि फलकावर २१-१ असा आकडा आला, तेव्हा भरलेलं स्टेडियम गप्प झालं. तो क्षण एकटा पाहिला तर काय दिसतं? दोन थकलेले पुरुष आणि तीनपर्यंत मोजणारा पंच. शांततेचं वजन आधीच्या २१ लढतींत आहे. त्यामुळे भाच्याचा प्रश्न बरोबर होता. हरतात की सगळेच. ज्याने आधीचं पाहिलं नाही त्याला हे हरणं कळत नाही. या कलेचा कच्चा माल अंगबळ नाही, तर प्रेक्षकाची आठवण आहे.

आणि ती आठवण आता महिन्याच्या भाड्यावर आहे.

दुसरं असं की पैसे घेण्याची रीत बदलली तशी गोष्टीची घडणही बदलली, असं माझं वाचन आहे. दर लढतीला वेगळे साठ डॉलर घेतले की त्या रात्री काहीतरी संपवावं लागतं. खलनायक पडावा लागतो. गिऱ्हाईक समाधानाने घरी गेलं तरच पुन्हा पैसे काढतं. महिन्याच्या वर्गणीला समाधान परवडत नाही. समाधानी माणूस वर्गणी थांबवतो. तिला हवी असते हुरहूर, पुढच्या महिन्यापर्यंत टिकणारी. रोमन रेन्स ऑगस्ट २०२० पासून एप्रिल २०२४ पर्यंत सलग १,३१६ दिवस विजेता राहिला, आणि त्याच्या घराण्याचं भांडण त्याहूनही पुढे चाललं. ते उत्तम रंगलं, मीही रात्री जागून पाहिलं. पण त्याची लय दिवाळी अंकातल्या कथेची नव्हती, संध्याकाळच्या मालिकेची होती. कुणी लेखकाने हिशेब मांडून हे केलं असं मी म्हणत नाही. पाणी उताराकडे जातं, इतकंच.

*

इथे एक आक्षेप मी स्वतःच घेतो. भाड्यात वाईट काय? पुण्यातला वाचणारा माणूस भाड्यावरच वाढला. नगर वाचन मंदिर १८४८ चं, मराठी ग्रंथालय १९११ चं. अनामत, महिन्याची वर्गणी, पंधरा दिवसांत पुस्तक परत. तेही आपलं नव्हतंच. नव्वदच्या दशकात कुस्तीच्या कॅसेटही आम्ही व्हिडिओ लायब्ररीतून दिवसाच्या भाड्याने आणल्या आणि पुढे रस्त्यावरच्या चोरट्या सीडी घेतल्या. त्या मानाने १४९ रुपये भरून सरळ मार्गाने पाहणं बरंच.

खरं आहे. पण वाचनालयातलं पुस्तक परत केल्यावर गावातच राहतं. वाचनालयाला त्यातलं पान बदलता येत नाही, आणि बदललंच तरी ते दुसऱ्या एखाद्या कपाटात जसंच्या तसं सापडतं. पीकॉकवर जुन्या लढती गेल्या तेव्हा त्यातले काही वर्णद्वेषी प्रसंग कापले गेले. रेसलमेनिया ६ मध्ये रॉडी पायपर अर्धं अंग काळं रंगवून आला होता, ते त्यातलं एक. तो प्रसंग घाणेरडाच होता. पण तो झाला होता, हजारोंनी त्यावर टाळ्या वाजवल्या होत्या, आणि या कलेवर लिहिणाऱ्याला नेमकं तेच पाहायचं असतं. या धंद्यात दुसरं कपाटही नाही. डब्ल्यूडब्ल्यूईने २००१ मध्ये प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यू विकत घेतली, पाठोपाठ ईसीडब्ल्यूची मालमत्ताही. म्हणजे हरलेल्यांच्या चित्रफितीही जिंकणाऱ्याच्या गोदामात. ते गोदाम एका दुकानातून दुसऱ्यात हलतं तेव्हा कुठली लढत कुठे गेली, हे आपण नव्याने शोधत बसतो.

मराठीत 'वर्गणी' या शब्दाला दोन अर्थ आहेत. मासिकाची वर्गणी भरली की अंक घरी येतो, आणि रद्दीत जाईपर्यंत तो आपला. जत्रेची वर्गणी भरली की हातात काही येत नाही, पण माइकवरून नाव पुकारतात आणि फडात आपला वाटा असतो. कुस्ती सोडवायची की निकाली करायची, यावर ओरडायचा हक्क मिळतो. स्ट्रीमिंगची वर्गणी यातल्या कशातच बसत नाही. अंकही नाही आणि फडही नाही. म्हणूनच बहुधा आपण तिला वर्गणी न म्हणता सबस्क्रिप्शन म्हणतो.

*

पिंपळाखाली मी फोन खिशात टाकला. अण्णा शेजारी बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं, पण काय झालं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी नातवाला विचारलं, "हरिश्चंद्र बिराजदार ठाऊक आहे का?" आणि सत्तरच्या दशकात बेळगावात बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला कसं अस्मान दाखवलं, ते सांगायला लागले. ही कुस्ती अण्णांनी पाहिलेली नाही. तालमीत ऐकली. मी ती त्यांच्याकडून निदान पन्नासदा ऐकली आहे, आणि दरवेळी डाव वेगळा असतो. कधी घिस्सा, कधी ढाक. पुरावा म्हणून तिची किंमत शून्य. माझ्या फोनमधली चित्रफीत एकेका सेकंदाला खरी आहे, फक्त ती उघडत नव्हती.

यातून जुनं ते सोनं, असा अर्थ मी काढणार नाही. अण्णांनी विसरायला सुरुवात केली आहे, आणि त्यांची मुदत कुठल्याही इंटरनेटला जोडून वाढणार नाही. मला दोन्ही हवं आहे: चित्रफितीचा खरेपणा आणि सांगणाऱ्याचा हक्क. त्यातलं पहिलं विकणाऱ्याने दुसरंही स्वतःकडे ठेवून घेतलं आहे, ही माझी तक्रार आहे, आणि ती १४९ चे ९९ केल्याने मिटणारी नाही.

फडावरून रेवड्यांच्या कुस्त्यांची हाक आली तसा भाचा उठला. जाता जाता त्याने आजोबांना विचारलं, "मग सतपाल रडला का?"

अण्णा म्हणाले, "ते मला कुणी सांगितलं नाही."

रात्री पुण्यात परतल्यावर, पौड रोडला रेंज येताच फोन थरथरला. लढत पुन्हा उतरवून घ्यायची का, असं तो विचारत होता. पोरगा मागच्या सीटवर झोपला होता. मी हो म्हटलं. अजून ४८ तास आहेत, पाहायला सुरुवात केल्यापासून.