टाइज-मर्जिंगमधलं मतदान

मॉडेल मर्जिंगवर काम करायचं ठरवलं असेल, तर 2023 सालचा टाइज-मर्जिंगचा पेपर तुमच्यासमोर येणारच. नव्यानं ट्रेनिंग करावं लागत नाही, जीपीयू फारसा लागत नाही, म्हणून हा विषय आपल्याला परवडतो. पण पेपर जरा थांबून वाचा.

कल्पना अशी: फाइन-ट्यून केलेल्या मॉडेलच्या वेट्समधून मूळ मॉडेलची वेट्स वजा केली की उरतो तो टास्क व्हेक्टर. असे आठ व्हेक्टर नुसते बेरजेला घातले तर एकमेकांवर कुरघोडी करतात. एकाला एखादं वेट वाढवायचं असतं, दुसऱ्याला कमी करायचं असतं. टाइज आधी प्रत्येक व्हेक्टरमधले सर्वांत मोठे 20% बदल ठेवतं, बाकीचे शून्य करतं. मग प्रत्येक वेटसाठी अधिक की उणे याचं मतदान होतं आणि जिंकलेल्या चिन्हाच्याच किमतींची सरासरी घेतली जाते.

माझा आक्षेप या मतदानावर आहे. इथे एका टास्कला एक मत नाही. ज्याचा बदल मोठा, त्याचं मत वजनदार. आता बदल मोठा का झाला? त्या टास्कला ते वेट खरंच हवं होतं म्हणून, की कुणी लर्निंग रेट चढा ठेवून ट्रेनिंग लांबवलं म्हणून? पद्धतीला हा फरक कळत नाही. ग्रामसभेत ज्याचा आवाज मोठा त्याचाच ठराव, तसं काहीसं.

गंमत म्हणजे याचा पुरावा लेखकांनीच दिलाय, आणि प्रामाणिकपणे दिलाय. भाषेच्या 11 टास्कवर टाइजची सरासरी 66.4. सगळे टास्क एकत्र शिकवलेल्या मॉडेलकडून फक्त चिन्हं उसनी घेतली की तीच 72 वर जाते, आणि ते एकत्र शिकवलेलं मॉडेल स्वतः 73.1 वर आहे. म्हणजे छाटणी ठीक आहे, चिन्ह निवडण्यातच घोडं पेंड खातंय.

चित्रांच्या आठ टास्कवर, क्लिपच्या व्हीआयटी-बी/32 मॉडेलमध्ये, टास्क अरिथमेटिक 70.1 आणि टाइज 73.6. सुधारणा खरीच. पण सुटी मॉडेल्स 90.5 वर आहेत, आणि पेपरच्या नावात मात्र हस्तक्षेप सोडवल्याचा दावा! शिवाय चाचणीत प्रत्येक टास्कचे वर्ग वेगळे हातात दिलेले असतात. समोर अंक आहे की गाडी, हे मॉडेलला ठरवावंच लागत नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर दोनच टास्क घ्या. एकाचं ट्रेनिंग मुद्दाम दहापट लांबवा, टाइजनं जोडा, आणि दुसऱ्याचं काय होतं ते स्वतंत्र रकान्यात लिहा. सरासरी काढू नका.