कलम 29 : सहमती की अर्धी तडजोड?

ग्रॅनव्हिल ऑस्टिन यांचा भारतीय राज्यघटनेवरील ग्रंथ 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हापासून संविधान सभेविषयीच्या लेखनात 'सहमती' आणि 'समावेश' हे शब्द जवळजवळ गृहीत धरले जातात. बहुमत हाताशी असूनही काँग्रेस पक्षाने निर्णय लादले नाहीत, विरोधकांना सोबत घेतले, असे हे प्रतिपादन आहे. ते बऱ्याच अंशी मान्य करण्यासारखे आहे. राजभाषेच्या तरतुदींना मात्र ऑस्टिन यांनी अर्ध्या मनाची तडजोड म्हटले. प्रस्तुत लेखकाच्या मते हे वर्णन अल्पसंख्याकांच्या भाषिक हक्कांना अधिक लागू पडते. 8 डिसेंबर 1948 च्या चर्चेकडे त्या दृष्टीने पाहावयास हवे.

त्या दिवशी मसुद्यातील कलम 23 चर्चेला होते. त्याचीच पुढे 29 आणि 30 ही कलमे झाली. मूलभूत हक्कांच्या 1947 च्या अहवालात 'अल्पसंख्याक' असा स्पष्ट शब्द होता. मसुदा समितीने तो बदलून 'नागरिकांचा कोणताही गट' असे केले. हक्क पातळ झाला, अशी तक्रार सभेत झाली. डॉ. आंबेडकरांनी उत्तर देताना सांगितले की उद्देश नेमका उलट, म्हणजे संरक्षण व्यापक करण्याचा आहे. उदाहरण त्यांनी बंगालमध्ये जाऊन स्थायिक झालेल्या महाराष्ट्रीयांचे दिले. तांत्रिक अर्थाने ते अल्पसंख्याक नसले तरी सांस्कृतिक व भाषिक अर्थाने आहेतच. वडोदऱ्यात उर्दू आणि मराठी शिकविणाऱ्याला हे उदाहरण बंगालचे वाटत नाही. त्या दिवशी बडोदे हे मराठी राजघराण्याचे संस्थान होते. 1 मे 1949 रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1 मे 1960 रोजी येथील मराठी भाषक गुजरात राज्यात भाषिक अल्पसंख्याक ठरले.

याच चर्चेत संयुक्त प्रांतातील मुस्लिम लीगचे सदस्य झेड. एच. लारी यांनी दुरुस्ती मांडली. स्वतंत्र भाषा व लिपी असणाऱ्या गटाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण त्याच भाषेत व लिपीत मिळण्याचा हक्क असावा, एवढीच ती मागणी होती. संयुक्त प्रांताने 1947 मध्ये देवनागरी हिंदी राजभाषा केली होती, हे तिच्यामागचे तातडीचे कारण. दुरुस्ती फेटाळली गेली. आंबेडकरांचा खुलासा असा की या कलमाने राज्यावर कोणताही खर्चाचा बोजा पडत नाही. राज्याने दुसरी संस्कृती लादू नये, एवढेच बंधन आहे. म्हणजे ज्या भाषणाने हक्काचे क्षेत्र वाढविले, त्याच भाषणाने राज्याला जबाबदारीतून मोकळे केले.

खर्चाचा मुद्दा मात्र पटत नाही. दोनच आठवडे आधी सभेने चौदा वर्षांपर्यंतच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे मार्गदर्शक तत्त्व स्वीकारले होते. शाळा राज्यानेच काढावयाच्या, मग कोणत्या भाषेत, हा प्रश्न मुख्यतः पैशाचा राहत नाही. (बडोदे संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1906 मध्येच सर्वत्र लागू झाले होते, ज्या सयाजीरावांनी ते केले त्यांचीच शिष्यवृत्ती आंबेडकरांना मिळाली होती.)

दुसरी गोष्ट क्रमाची. दुरुस्ती पडली तेव्हा मुस्लिमांसाठी विधिमंडळांतील राखीव जागा मसुद्यात कायम होत्या. त्या मे 1949 मध्ये काढल्या गेल्या. लीगच्याच बेगम एजाज रसूल यांनी राखीव जागांना विरोध केला होता, तेव्हा हे सारे लादले गेले असे म्हणता येणार नाही. परंतु जागा सोडल्यावर भाषा व शिक्षणाचे हक्क अधिक भक्कम करावेत, असा एकत्र हिशेब पुन्हा झाला नाही. निर्णय सुटे सुटे पाहिले तर सहमती दिसते. एकापुढे एक ठेवले की देवाणघेवाण एकतर्फी वाटते. ऑस्टिन यांच्या मांडणीची मर्यादा मला येथे जाणवते.

लारींची मागणी निराळ्या रूपात परत आली ती राज्य पुनर्रचनेनंतर. 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350-क घातले गेले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा राज्याने व स्थानिक संस्थांनी प्रयत्न करावा. लारींनी हक्क मागितला होता. सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै खटल्यात 2002 मध्ये अल्पसंख्याकत्व राज्यनिहाय ठरवावे असे सांगितल्याने गुजरातेतील मराठी व उर्दू भाषकांना कलम 30 खाली स्वतःची शाळा काढता येते, चालविता येते. पण नगरपालिकेच्या शाळेतील मराठी किंवा उर्दू वर्ग पटसंख्येअभावी बंद होऊ लागला, तर पालकाच्या हाती 350-क मधला तो 'प्रयत्न' एवढाच शब्द उरतो.