बैलाचं कातडं आणि एक पान

जव्हारचं राज्य कसं उभं राहिलं, याची एक आख्यायिका ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. मुकणे घराण्याच्या मूळपुरुषाने तिथल्या प्रमुखाकडे जमीन मागितली. किती? एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी. समोरच्याने हो म्हटलं. मग या पठ्ठ्याने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि सगळी मोक्याची जागा त्यांनी वेढून घेतली. महादेव कोळ्यांचं हे राज्य पुढे थेट १९४८पर्यंत टिकलं. गंमत म्हणजे हीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीबद्दलही सांगतात.

ती आठवायचं कारण म्हणजे एक स्पर्धा. फँटसी रोलप्लेइंग गेमसाठी नवं जग रचा आणि ते एका पानात मांडा. ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चार-पाच मित्र टेबलाभोवती किंवा व्हिडिओ कॉलवर बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे एकेक पात्र होतात, अडलं तिथे फासे टाकतात. गोष्ट जिथे घडते त्या जगाला ‘सेटिंग’ म्हणतात. त्यात नकाशा, देव, राज्यं, भांडणं सगळं आलं. एका पानात एवढं मावणार कसं? तर कातड्यासारखं. वाद्या कापून.

अशा स्पर्धांची थोरली बहीण म्हणजे २००२ सालची. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्टने जगभरातून नवी सेटिंग मागवली. पहिल्या फेरीला एकच पान. आले सुमारे अकरा हजार प्रस्ताव. जिंकला कीथ बेकर, आणि २००४ मध्ये त्याचं ‘एबेरॉन’ पुस्तकरूपात आलं.

एबेरॉन का जिंकलं असेल? माझ्या मते त्यात प्राणी नवे होते म्हणून नव्हे, तर त्याने एक साधा प्रश्न शेवटपर्यंत लावून धरला म्हणून. जादू खरंच रोजच्या वापरात असेल, तर तिचा धंदा होणारच ना? मग विजेवर धावणारी जादूची रेल्वे आली, हवाई जहाजं आली. युद्धासाठी घडवलेले सजीव सैनिक आले, आणि युद्ध संपल्यावर त्यांचं काय करायचं हा पेचही आला. वंशपरंपरेने अंगावर जादूची खूण उमटणारी घराणी आली. कुणाकडे वाहतूक, कुणाकडे वैद्यकी. प्रत्येकाची मक्तेदारी. उत्तम सेटिंगमध्ये देवांची यादी नसते, देणंघेणं असतं, हे बेकरला पक्कं कळलं होतं.

मला ते कळायला माझा पहिला मसुदा फाडावा लागला. माझं बालपण जव्हारात गेलं, त्यामुळे सामान हाताशी होतंच. वाघोबा घेतला, हिरवा देव घेतला, कणसरी घेतली. मोखाड्याचा घाट, दाभोशाचा धबधबा, तारपा, सगळं कोंबलं. वाघोबाला ताकद अठरा, चिलखत पंधरा, चाव्याचं नुकसान दोन फासे. लिहून झाल्यावर वाचलं तर वाटलं, हे जग नाही, हे प्रदर्शनातलं स्टॉल झालं.

चूक कुठे होती? वाघोबाच्या ठाण्यावर जा. दगडात नाहीतर लाकडात कोरलेला वाघ, वर बऱ्याचदा चंद्र-सूर्य. माणसं त्याला मान देतात, नैवेद्य देतात, आणि त्याने गुराढोरांना, माणसांना सांभाळावं अशी अपेक्षा धरतात. हा करार आहे. त्याचं वजन ‘मारलं की किती गुण’ यात मोजता येत नाही. मी वाघ घेतला आणि करार मागे ठेवला. गेमच्या इतिहासात ही सवय जुनीच आहे. परक्यांचा देव दिसला की त्याचा राक्षस करायचा आणि आकडे चिकटवायचे. माझ्या मसुद्यात फरक एवढाच, की ते मराठीत होतं.

मग बोहाडा आठवला. जव्हार-मोखाड्याच्या गावांत रात्रभर मुखवट्यांची सोंगं नाचतात. गणपती, सारजा, नरसिंह, रावण, म्हैसासुर. संबळ वाजत असतो, आणि लहानपणी अर्धवट झोपेत पाहिलेला तो मोठ्ठा रंगीत चेहरा जन्मभर डोळ्यांसमोरून जात नाही. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराकडे, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. आता एबेरॉनच्या घराण्यांशी ताडून पाहा. दोन्हीकडे अधिकार रक्ताने येतो. पण तिथे तो विकायचा असतो, इथे निभवायचा असतो. त्या घरातल्या माणसाने सोंग घेतलंच नाही, तर गावाची रात्र पुरी होत नाही. एबेरॉनची मर्यादा मला इथे दिसते. त्या जगात जादूला गिऱ्हाईक आहे, पण जिचं ओझं वाहावं लागतं अशी जादू फारशी सापडत नाही.

आणि पाणी. मोडकसागर, मध्य वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं वैतरणेवर, याच डोंगराळ मुलखात आहेत. मोखाड्यात पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग. सेटिंग लिहिणाऱ्याला याहून मोठा संघर्ष कुठे शोधायला जायचं? यात सैतान नाही, काळा मनोरा नाही. फक्त एक नदी, जिचं पाणी डोळ्यांदेखत दुसरीकडे जातं.

दुसरा मसुदा या सगळ्यावर लिहिला. चांगला झाला होता, हे सांगायला मी लाजत नाही. पाठवण्याआधी अटी वाचल्या. एक ओळ होती: पाठवलेल्या मजकुराचे सर्व हक्क आयोजकांचे.

बेकरच्या जगाचंही असंच आहे. एबेरॉनचा जन्मदाता तो, मालकी कंपनीची. पण त्याने दिलं ते त्याच्या डोक्यातलं होतं. मी काय देणार होतो? सोंग आमच्या घरात कधीच नव्हतं. आम्ही बोहाडा बघणाऱ्यांतले, नाचणाऱ्यांतले नव्हे. कणसरीची गाणी माझ्या आजीने म्हटलेली नाहीत. वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक आहे, पण एखाद्या गेममधल्या वाघोबाला कुठला निर्देशांक वाचवणार? ज्या गोष्टी माझ्या नाहीत, त्यांच्यावर सही करून मी त्या तिसऱ्याच कुणाच्या हवाली करणार होतो.

तेव्हा कातड्याची गोष्ट मला दुसऱ्या बाजूने ऐकू आली. इतकी वर्षं ती आपण हुशारीची गोष्ट म्हणून सांगतो. वाद्या कापणारा आपल्याला आवडतो. पण ज्याने ‘हो’ म्हटलं, त्याचं काय? त्याला वाटलं, एक कातडं जाईल. गेला मुलूख. गॅझेटियरच म्हणतं की त्याआधी जव्हार एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होतं. स्पर्धेची ती एक ओळही कातड्याएवढीच दिसत होती.

कुणी म्हणेल, मग काय आपल्या मातीवर फँटसी लिहायचीच नाही? तर असं नाही. न लिहिण्याने तोटाच आहे. जव्हारची पोरं टॉल्किनच्या जंगलात फिरत राहतील आणि आपल्या जंगलाला शेवटी कंटाळवाणं समजतील. ज्यांच्या घरात सोंग आहे त्यांनी लिहिलं, तर माझ्यापेक्षा दहापट बरं लिहितील, आणि हक्क कुणाला द्यायचे हे तेच ठरवतील. माझ्यासारख्याने मात्र वस्तू आणि प्रश्न यांत फरक करावा. मुखवटा उचलू नये. तो मुखवटा ज्या प्रश्नाला उत्तर देतो, तो प्रश्न उचलावा. अधिकार हे ओझं असेल तर जग कसं चालेल? नदी निघून गेली तर तिच्या देवाने कुठे राहायचं?

तिसरा मसुदा पाठवला. त्यात वाघोबा नाही, कणसरी नाही, जव्हारचं नावही नाही. एक कातडं तेवढं आहे, कारण ती गोष्ट कार्थेजचीही आहे आणि आपलीही, म्हणजे कुणा एकाची नाही. खेळ सुरू होतो तेव्हा वाद्या नुकत्याच जमिनीवर पसरल्या आहेत. खेळाडू राजे नाहीत, राजाचे सरदार नाहीत. सकाळी उठून ज्यांना कळलं की आपलं घर वादीच्या आत आलंय, ती माणसं आहेत.

निकाल अजून लागायचा आहे. तुम्हीही अशी स्पर्धा बघत असाल तर जरूर उतरा. फक्त बक्षिसाच्या आधी अटी वाचा, आणि आपण कुणाचं कातडं कापतोय ते बघा.