शीर्षकातलं प्रश्नचिन्ह

कॅनडात, ब्रिटिश कोलंबियाच्या वायव्य भागात, डोथिस्ट्रोमा बुरशीमुळे लॉजपोल पाइनच्या सुया गळाल्या. मोठी, जुनी झाडंसुद्धा मेली. वुड्स, कोट्स आणि हामान यांचा २००५ चा पेपर याबद्दल आहे. वाचताना दोन दुवे वेगळे ठेवा. उन्हाळी पाऊस वाढला आणि ओल्या सुयांवर बुरशी फोफावली, हा दुवा पटतो. पण तो पाऊस हवामानबदलामुळेच वाढला का? हा दुवा कच्चा आहे, म्हणून शीर्षकात प्रश्नचिन्ह. ते मला आवडतं. त्याच शीर्षकातला ‘अभूतपूर्व’ हा शब्द मात्र खटकतो. २००९ च्या एका अभ्यासात खोडांच्या वलयांमध्ये या रोगाच्या जुन्या साथींच्या खुणा सापडल्या. तुमच्या प्रबंधात असा शब्द लिहिण्याआधी एवढं बघा: तुमच्याकडची नोंद मुळात किती वर्षं मागे जाते?